बोराटे तात्यांचं सपोज

बत्तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. व्याकरणाचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत किती वेळा काढलं, त्याची गणतीच नाही. पण ‘सपोज’ हे क्रियापद आलं की मी घाई करत असे. "समजा, मानणे, गृहीत धरणे, लिहून घ्या," एवढं सांगून पान उलटायचो. पोरांना वाटे, शब्द सोपा आहे. हा शब्द मला कुणी शिकवला आणि मी तो कसा वापरला, हे सांगायला मला सत्तरी उजाडावी लागली. लाज वाटत होती म्हणून सांगितलं नाही. ती अजूनही वाटते, पण आता लपवून कुणाचं भलं व्हायचं राहिलेलं नाही.

शिकवणारे होते सखाराम बोराटे. बारामतीच्या आमच्या इंग्रजी शाळेत ते खालच्या तीन वर्गांना इंग्रजी शिकवीत. शाळेत त्यांना बोराटे मास्तर म्हणत, बाकी सगळं गाव तात्या म्हणे. वडगाव निंबाळकरचे, माळ्याच्या घरातले. पाटाखाली दीड एकर रान, त्यात वांगी, मिरची, घेवडा. मॅट्रिक दुसऱ्या खेपेला झाले आणि शिक्षण तिथंच थांबलं. मी पुण्याहून बी.ए. होऊन, नवा कोट घालून शाळेत आलो, तेव्हा ते चाळिशीचे असतील. बोटांच्या भेगांत वांग्याच्या झाडाचा काळपट हिरवा रंग बसलेला आणि त्या रंगावर खडूची पूड. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव ‘बीए’ ठेवलं. "काय बीए, जेवला का?" त्यात खोच नव्हती, पदवीचा त्यांना खरोखरच मान होता. मला मात्र ती खोच वाटे. त्यांचं मराठी ऐकून मला हसू यायचं आणि इंग्रजी ऐकून मी दुसरीकडे बघायचो.

त्यांचं इंग्रजी मोठं चमत्कारिक होतं. वर्णमालेचा पहिला अर्धा भाग कच्चा आणि दुसरा अर्धा कुठल्याही प्रोफेसरला खाली बघायला लावील असा पक्का. त्याचं कारण एक कोश. पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर त्यांचे वडील काही वर्षं बाग राखायला होते. तिथल्या गोऱ्या साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं एक जाडजूड कोश टाकून दिला, कारण त्याची ‘एल’पर्यंतची पानं वाळवीनं खाल्ली होती. बापानं तो उशाला घ्यायला म्हणून घरी आणला. तात्यांनी तो वाचून काढला, ‘एम’पासून ‘झेड’पर्यंत, दोनदा. त्यामुळे ‘प्रिझ्यूम’ कुठून आला ते तात्या झोपेतून उठवलं तरी सांगत, पण ‘गेस’ विचारलं की म्हणत, "त्यो वाळवीकडं हाय."

माझ्याकडे अख्खा कोश होता. तात्या तो मागून नेत, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून नेत आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत आणत. मला ते देणं जिवावर यायचं, म्हणून मी दर वेळी पानं दुमडली का ते त्यांच्यासमोरच बघायचो. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट खुशीत सांगायचे की आज ‘अझ्यूम’ वाळवीच्या तोंडातून काढून आणला. मग त्या शब्दाचं सगळं कुटुंब जमवून मांडायचे: अझ्यूम म्हणजे उचलून घेणं, प्रिझ्यूम म्हणजे कुणी द्यायच्या आधीच घेणं. पण या दोघांवर त्यांची माया नव्हती. घेणारे शब्द ते, म्हणायचे. त्यांचा लाडका शब्द सपोज, कारण तो घेत नाही, ठेवतो.

तो ते कसा शिकवत, हे मी दाराबाहेर उभा राहून एकदा पाहिलं. तिसरीच्या वर्गातलं टेबल एका पायानं आखूड होतं. तात्यांनी खिशातून कौलाचा तुकडा काढला, वाकून त्या पायाखाली सरकवला आणि टेबलावर हात आपटून दाखवला.

"ह्ये सपोज. सब म्हंजी खाली, पोज म्हंजी ठेवनं. मूळचा ल्याटिन, वाटंत फ्रेंचाच्या घरी मुक्काम केला आन् इंग्रजाकडं आला. पेरूची फांदी वाकली की आपन खाली काय लावतो?"

"टेकू," पोरं ओरडली.

"व्हय. टेकू खोटा नसतो. पर टेकू म्हंजी झाड न्हाय. ज्येला ह्ये कळलं त्येला इंग्रजी आलं."

मी स्टाफरूममध्ये येऊन त्यांची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. नकला मला बऱ्या जमत.

या एका शब्दाच्या पायी तात्यांनी हेडमास्तरांचा रागही ओढवून घेतला. त्यांच्या रानाची पाण्याची पाळी, म्हणजे पाटाचं पाणी मिळायचा ठरलेला वेळ, कधी कधी शाळेच्या वेळेवर येई. पाणी काही मास्तरसाठी थांबत नाही. मग तात्या चिखलाच्या पायांनी धावतपळत अकराला उगवत. हेडमास्तरांनी एकदा सगळ्यांदेखत इंग्रजीत झापलं, की यू आर सपोज्ड टु बी हिअर ॲट हाफ पास्ट टेन. तात्यांनी मान डोलवली आणि अगदी भक्तिभावानं विचारलं, "बाय हूम, सर?" हेडमास्तरांना वाटलं उद्धटपणा. तात्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. नंतर मला म्हणाले की कर्मणी प्रयोग आहे, कर्ता कुठं दिसत नाही. साडेदहाला मी येईन हे कुणी धरलं, शाळेनं, सरकारनं का देवानं, ते कळलं तर बरं. इंग्रजाची ही युक्ती त्यांना फार आवडली होती. हुकूम द्यायचा आणि देणारा वाक्याबाहेर उभा करायचा.

आणखी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा काढत. आपल्या मराठीतलं ‘समजणं’. शाळेमागच्या कडुलिंबाखाली भाकरी खाता खाता एकदा म्हणाले, "बीए, बघा की. ‘मला समजलं’ म्हंजी कळलं. आन् ‘समजा’ म्हंजी कळलेलं न्हाय, नुसतं धरून चाला. दोन्ही कामाला आपन एकच शब्द लावलाय. म्हनून आपली मानसं अंदाज करत्यात आन् त्येलाच कळलं म्हनत्यात." मी हसून सोडून दिलं. असलं काही मला बी.ए.च्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं, हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

त्याच झाडाखाली त्यांनी मला ‘आय सपोज सो’ शिकवलं. मला वाटत होतं त्याचा अर्थ ‘होय, मला वाटतं’. तात्यांनी मान हलवली. ते म्हणाले की हा अर्धा होकार आहे. आपल्याकडे ‘आसंल बाबा’ म्हणतात तो. होय तर म्हणायचं, पण उद्या अंगाशी आलं तर मी कुठं होय म्हणालो होतो, असं म्हणायला वाट ठेवायची. मोठ्या साहेबांच्या तोंडी शोभतो, गरिबानं वापरू नये, कारण ऐकणारा त्याला पुराच होकार धरतो. तेव्हाही मी हसलो असेन.

मिठाच्या सत्याग्रहानंतरची ती दोनेक वर्षं. गावात कुणी खादी घातली तरी वर सरकारकडे लिहून जायचं. आमची शाळा सरकारी ग्रँटवर चालणारी, त्यामुळे हेडमास्तर कानात प्राण आणून बसलेले. तात्यांचं त्यात काही नव्हतं. त्यांचा रोजचा नेम एवढाच की तिसरीच्या फळ्यावर ‘सपोज’नं सुरू होणारं एक अर्धं वाक्य लिहायचं आणि पोरांनी ते पुरं करायचं. पाऊस पडला नाही तर, बैल बोलला तर, नदी उलटी वाहिली तर. वाक्यं संपत आली की ते स्टाफरूममध्ये येऊन मागत. त्या दिवशी मी चहा घेत बसलो होतो. त्यांनी विचारलं, बीए, एखादं वाक्य द्या की. मी बशीतून वर न बघता म्हणालो, "लिहा, सपोज देअर इज नो गव्हर्नमेंट."

मला वाटलं, ते हसतील. ते खूष झाले. अनेकवचन नाही, काळाची भानगड नाही, पोरांना सोपं जाईल, असं म्हणत गेले आणि फळ्यावर लिहिलं. पोरांनी वाक्य पुरं केलं. सरकार नसेल तर पाट कोण सोडेल. सरकार नसेल तर तपासणी होणार नाही. एकानं लिहिलं की मग माझे चुलते पाणीपट्टी भरणार नाहीत. तात्यांनी सगळ्यांची शुद्धलेखनं तपासली, त्या पाणीपट्टीवाल्याचा ‘अंकल’ सुधारून दिला आणि खाली बरोबरची खूण केली. ती खूण असलेली वही कशी कुणास ठाऊक, पंधरा दिवसांत पुण्याला पोचली.

चौकशीला शाळाखात्याचे एक साहेब आले. आपलेच होते, पण इंग्रजीशिवाय बोलत नव्हते. हेडमास्तरांच्या खोलीत टेबलावर ती वही उघडी पडलेली. तात्या भिंतीला न टेकता उभे होते, टोपी हातात. साहेबांनी त्यांना विचारलं की हे तुम्ही लिहिलं का. "आय रोट इट, सर," तात्या म्हणाले. खरंच होतं, फळ्यावर त्यांनीच लिहिलं होतं. हेतू काय, असं विचारल्यावर म्हणाले, "ग्रामर, सर." साहेब हसले. ते म्हणाले की एखादी गोष्ट आधी मनात धरली जाते आणि मग ती हवीशी वाटू लागते. तात्यांनी त्यांना तिथंही समजावून सांगायला घेतलं की धरणं नव्हे सर, खाली ठेवणं. हेडमास्तरांनी खाकरून त्यांना गप्प केलं.

मग मला बोलावलं. माझी नोकरी अजून कच्ची होती. पक्की व्हायला दोन महिने राहिले होते, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. ही कारणं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली आहेत. साहेबांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, हे वाक्य बोराटे यांनी स्वतःच रचलं, असंच ना? आणि मी म्हणालो, "आय सपोज सो, सर."

साहेबांनी मान डोलवून कागदावर काहीतरी लिहिलं. मी तात्यांकडे पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं असं नव्हे, पाहायची हिंमत झाली नाही. सगळ्या जगात त्या तीन शब्दांचा नेमका अर्थ ठाऊक असलेला एकच माणूस त्या खोलीत होता आणि त्यानंच मला तो शिकवला होता. तेव्हा त्यांनी एवढंच बोलायला हवं होतं, की वाक्य ह्यांनी दिलं. ते बोलले नाहीत.

महिन्याभरात तात्यांना काढून टाकलं. त्यांची तिसरी माझ्याकडे आली आणि पुढे माझी नोकरी पक्की झाली. जायच्या आधी एका संध्याकाळी ते माझा कोश परत द्यायला घरी आले. मी त्यांचा आवाज ओळखला, आतल्या खोलीत गेलो आणि बायकोला खुणेनं सांगितलं की नाही म्हण. ती बिचारी दारात जाऊन खोटं बोलली. नेमका मला खोकला आला.

मग तात्या म्हणाले, "वैनी, बीए आलं की सांगा, पुस्तक पोचलं. पान दुमडलेलं न्हाय."

बायकोनं मला त्या रात्री काही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर फार बरं झालं असतं.

तात्यांची सासुरवाडी इंदापूरची. वडगावचं रान भावाच्या ताब्यात देऊन ते तिकडे गेले आणि कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहू लागले, एवढं कानावर येत होतं. बारामतीहून इंदापूरला मोटार जायची. मला कधीही जाता आलं असतं. मी गेलो नाही.

पाच-सहा वर्षांनी वारं फिरलं. मुंबईत आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं आणि सरकारविरुद्ध बोलून नोकऱ्या गमावलेल्यांचे सत्कार सुरू झाले. गावातल्या मंडळींना एकाएकी बोराटे मास्तर आठवले. फळ्यावर सरकार पुसून टाकणारा मास्तर, अशी त्यांची कथाही तयार झाली होती. शाळेचे चालक म्हणू लागले की त्यांनी तसा अर्ज करावा, परत घेऊ. त्यांना घेऊन यायला कोण जातो, असं विचारल्यावर मीच हात वर केला. मला वाटलं, काहीही न सांगता सगळं फिटेल. तात्यांना नोकरी मिळेल, वर मान मिळेल आणि माझं पाप परस्पर धुतलं जाईल.

कचेरीसमोर चिंचेखाली पोत्यावर ते बसले होते. पुढे पत्र्याची पेटी, तिच्यावर कागद. केस पिकले होते, डोळ्यांना दोरीनं बांधलेला चष्मा. मला पाहून उठले, पोतं झटकून बसायला दिलं, चहा मागवला, वैनी कशा आहेत, मुलं किती, सगळं विचारलं. मी सत्काराचं सांगितलं, अर्जाचा मसुदा पुढे केला. ‘स्वदेशप्रीतीने प्रेरित होऊन मी सदर वाक्य लिहिले’ असं त्यात होतं. मसुदा मीच केला होता. तात्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

"ह्ये खरं न्हाय, बीए. मी सरकारला चांगलंबी म्हनलो न्हाय आन् वाईटबी म्हनलो न्हाय. मी व्याकरन शिकवत हुतो. व्याकरन हुतं म्हनून घेत आसतील तर उद्या येतो."

मी म्हणालो की आता कोण एवढं बघतो, काळ आपला आहे. ते म्हणाले की तेव्हाही काळ कुणाचा तरी होताच. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात ठेवलेलं मी विचारलं, की त्या दिवशी तुम्ही माझं नाव का सांगितलं नाही?

तात्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. रागावले नव्हते. कसं सांगावं याचा विचार करत होते.

"तुमी सांगाल असं धरून चाललो हुतो," ते म्हणाले. "साहेबानं तुमास्नी इचारलं तवा म्हनलं, आता सांगतील. मग म्हनलं, भायेर गेल्यावर सांगतील. मग पुस्तक द्यायला आलो तवाबी वाटलं हुतं."

तिथंच पाय धरायला हवे होते, निदान चूक झाली एवढं म्हणायला हवं होतं. शब्द ओठांशी आले आणि तेवढ्यात कुणीतरी आलं म्हणून मला हायसं वाटलं. बारामतीला जाऊन मी काय केलं तेही सांगून टाकतो. मंडळींना सांगितलं की तात्यांची प्रकृती बरी नाही, ते येत नाहीत. वाक्य माझं होतं आणि ते निव्वळ व्याकरण होतं, एवढ्या दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर त्यांना नोकरी मिळाली असती. पण तोवर मी असिस्टंट हेडमास्तर झालो होतो आणि सहा वर्षं गप्प का बसलात, हा प्रश्न मला कुणी विचारू नये असं वाटत होतं. सत्कार दुसऱ्याच कुणाचा तरी झाला. तात्या दोन वर्षांनी इंदापुरातच वारले.

त्या दिवशी चिंचेखाली आलेली बाई डोक्यावर मेथीच्या जुड्या घेऊन आली होती. पाटकरी तिची पाण्याची पाळी चुकवून वरच्या रानाला पाणी सोडतो, अशी तिची तक्रार. तात्यांनी तिचा अर्ज आधीच लिहून ठेवला होता. तो त्यांनी तिला सावकाश वाचून दाखवला, एका जागी तिनं "आसं न्हवं, दोनदाच चुकीवली" म्हटल्यावर ‘वारंवार’ खोडून ‘दोन वेळा’ केलं. मग तिच्या अंगठ्याला शाई लावून निशाणी उठवून घेतली आणि कागद माझ्याकडे वळवला.

"तुमी बघितलं न्हवं अंगठा उठवताना?"

"हो," मी म्हणालो.

"मग साक्ष घाला. बघितलं तेवढ्याचीच."

मी त्यांच्या हातातून टाक घेतला. त्या बाईचं नावही मला धड ऐकू आलं नव्हतं. पण मला विचार करावा लागला नाही, इकडेतिकडे बघावं लागलं नाही, माझं काहीच जाणार नव्हतं. मी ठळक अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं. तात्यांनी कागद उचलून धरला, शाई वाळेपर्यंत माझी सही पाहत राहिले आणि मग तो तिच्या हातात दिला.

"जा आक्का," ते म्हणाले, "साक्षीदार चांगला मिळाला तुला."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.